रिपोर्ट हातात आला, पण कळला का?

तालुक्याच्या पत्रकाराला लोक बातमीसाठी कमी आणि ओळखीसाठी जास्त फोन करतात. तहसीलमध्ये अडकलेला दाखला, महावितरणचं वाढून आलेलं बिल, पोराचं ॲडमिशन. गेल्या तीन-चार वर्षांत यात एक नवीन भर पडली आहे. व्हॉट्सॲपवर टूडी इकोच्या रिपोर्टचा फोटो येतो आणि खाली एकच ओळ असते, "भाऊ, हे कुणाला तरी दाखवून सांगा. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन हाय, तर हार्टचं काहीतरी निघालंय म्हणत्यात."

मी डॉक्टर नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला, धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात वीसेक वर्षं बातमीदारी करणारा माणूस आहे. रिपोर्ट वाचून सल्ला द्यायचा मला अधिकार नाही आणि मी तो देतही नाही. पण हा विषय आता एकेका घराचा राहिलेला नाही. हर्निया, गुडघा, पित्ताशय, प्रोस्टेट, कुठलंही ऑपरेशन ठरलं की आधी 'फिटनेस' आणा म्हणतात. त्या फिटनेसच्या वाटेवर हृदयाच्या तपासण्या लागतात. कागद हातात पडला की अख्खं घर हादरतं, आणि ज्यासाठी दवाखान्यात गेलो ते ऑपरेशन बाजूलाच राहतं. म्हणून आमच्या घरात जे घडलं ते आण्णांना विचारून, सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब झाली आहे, सवडीनं वाचा.

आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. वय ६७. एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते. बारा वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या वेळेवर घेतात. उजव्या जांघेत हर्निया होता. दोन वर्षं पट्टा लावून काढली. गेल्या पावसाळ्यात तो दुखायला लागला, झोपल्यावर आत जायचा तो जाईना झाला. गावातल्या सर्जननी स्पष्ट सांगितलं, "आता लांबवू नका. आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा बंद झाला तर रात्री-बेरात्री पळायची वेळ येईल. ठरवून करू, साधं काम आहे. फक्त फिटनेस घेऊन या."

आमच्याकडे दर गुरुवारी मोठ्या शहरातून हार्टचे डॉक्टर येतात. एका दिवसात सत्तर-ऐंशी पेशंट. आण्णांचा ईसीजी निघाला, इको झाला, आणि दोन पानांचा इंग्रजी रिपोर्ट हातात आला. डॉक्टर म्हणाले, "पंपिंग थोडं कमी आहे, एका भिंतीची हालचाल मंद आहे. अँजिओग्राफी करून घ्या." पुढचा पेशंट आत आला. सगळं मिळून चार मिनिटं.

त्या रात्री चाकणहून माझ्या चुलत भावाचा फोन. "दादा, आण्णांचं हार्ट पंचेचाळीस टक्केच चालू हाय म्हणं! म्हणजे पंचावन्न टक्के गेलंच की!" तिकडं काकूंनी देवापुढं समई लावलेली. आण्णा स्वतः ओसरीवर बसून तंबाखूची पुडी कोपऱ्यात फेकत म्हणाले, "एवढं गेलंय तर मग आजवर चाललं कसं?"

प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर त्या दोन पानांत होतं, पण आमच्या भाषेत नव्हतं.

रिपोर्टवर 'एलव्हीईएफ ४५ टक्के' असं लिहिलेलं होतं. हृदयाचा डावा खालचा कप्पा रक्तानं भरतो आणि एका ठोक्यात त्यातलं काही रक्त बाहेर ढकलतो. भरलेल्या रक्तातलं किती टक्के बाहेर गेलं, तो हा आकडा. निरोगी माणसाचासुद्धा तो साधारण ५५ ते ७० असतो. शंभर कुणाचाच नसतो, कारण कप्पा कधीच पूर्ण रिकामा होत नाही. म्हणजे ४५ हा आकडा परीक्षेच्या मार्कांसारखा वाचायचा नाही. सामान्यपेक्षा थोडा कमी, एवढाच त्याचा अर्थ. ३० आला तर गोष्ट वेगळी. आणि हा आकडा काढणाऱ्याच्या नजरेवर, मशिनवर थोडा मागंपुढं होतो, हेही लक्षात ठेवायचं.

दुसरी ओळ होती भिंतीच्या हालचालीची. हृदयाच्या खालच्या बाजूच्या भिंतीचा एक भाग इतर भागांपेक्षा मंद हलतोय. असं पूर्वी कधीतरी येऊन गेलेल्या झटक्यामुळं होऊ शकतं. शुगरच्या माणसाला छातीत न दुखताही झटका येऊन जाऊ शकतो. ही ओळ महत्त्वाची होती. पण घरात तिच्यावर कुणी बोललंच नाही. सगळे ४५ ला धरून बसले होते, आणि त्याखाली लिहिलेल्या 'ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन' आणि 'ट्रिव्हियल एमआर' या शब्दांना घाबरले होते. पहिल्याचा अर्थ कप्पा सैल व्हायला थोडा वेळ लागतो. वयाबरोबर, बीपीबरोबर हे फार लोकांत दिसतं. दुसऱ्याचा अर्थ झडपेतून नाममात्र गळती. ती धडधाकट माणसांतही सापडते. म्हणजे ज्याची भीती वाटायला नको त्याची भीती, आणि ज्याबद्दल विचारायला हवं ते तसंच पडून.

पुढच्या आठवड्यात शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो. नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका दवाखान्याचा नाही. अँजिओग्राफी योजनेत बसवायची सोय झाली. मनगटातून नळी घालतात, भूल फक्त तेवढ्या जागेला. माणूस पूर्ण शुद्धीत असतो. आण्णांना आत नेऊन अर्धा तास झाला असेल, तेवढ्यात आम्हाला काचेपलीकडं बोलावलं. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या फांद्या हलत होत्या. तरुण डॉक्टरांनी एका जागी बोट ठेवलं. "उजव्या नळीत ७० टक्के ब्लॉक आहे. आत्ता टेबलवरच आहेत, स्टेंट टाकून घेऊ. योजनेत बसतंय, पैसे लागणार नाहीत. दहा मिनिटांत सांगा." सिस्टरनी कागद पुढं केला. भावानं पेन हातात घेतलं.

मी म्हणालो, "आण्णांना विचारलं का?"

डॉक्टर क्षणभर थांबले. खरं सांगायचं तर त्यांना राग आला नाही, आश्चर्य वाटलं. आमच्याकडं पेशंटला कुणी विचारत नाही, नातेवाइकांना विचारतात. त्यांनी आत जाऊन आण्णांना सांगितलं. आण्णांचा आवाज बाहेर ऐकू आला. "टाका की साहेब. पण मग माझ्या हर्नियाचं कधी करायचं?"

डॉक्टर म्हणाले, "ते आता सहा महिने तरी नाही करता येणार."

भावानं पेन खाली ठेवलं.

स्टेंट टाकला की रक्त गोठू नये म्हणून दोन प्रकारच्या गोळ्या एकत्र घ्याव्या लागतात. त्या लवकर बंद केल्या तर स्टेंटमध्येच गाठ होऊन मोठा झटका येऊ शकतो. चालू ठेवून ऑपरेशन केलं तर रक्तस्राव वाढतो. म्हणून औषधाचा लेप असलेला स्टेंट टाकल्यावर ठरवून करायची ऑपरेशनं साधारण सहा महिने पुढं ढकलतात. नुकताच झटका आलेला असेल तर त्याहून जास्त. यात परिस्थितीनुसार कमी-जास्त होतं, पण उद्या स्टेंट आणि परवा हर्निया असं होत नाही. आणि आण्णांचा हर्निया तर सहा महिने थांबायला तयार नव्हता. त्या काळात आतडं अडकलं असतं तर दोन्ही गोळ्या चालू असताना तातडीचं ऑपरेशन, म्हणजे सगळ्यात वाईट वेळी सगळ्यात मोठी जोखीम.

हे सगळं त्या दहा मिनिटांत कुणी आपणहून सांगितलं नसतं. आण्णांनी विचारलं म्हणून कळलं.

आम्ही सांगितलं, "आज नको, विचार करून येतो." डॉक्टरांनी ते मान्य केलं. कागदावर 'नातेवाइकांनी नकार दिला' असं लिहून घेतलं. संध्याकाळी आण्णा मनगटाला पट्टी बांधून बाहेर आले आणि पहिला चहा मागितला.

आता तपासणीची सीडी. काउंटरवर उत्तर मिळालं, "मशिन बंद आहे, नंतर या." दुसऱ्या दिवशी, "साहेब नाहीत." तिसऱ्या दिवशी मी साधा अर्ज लिहून दिला आणि पोच मागितली. दुपारी सीडी मिळाली. अर्जात एकच गोष्ट होती. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत, मेडिकल कौन्सिलचे. त्यात लिहिलंय की रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं नोंदी मागितल्या तर ७२ तासांच्या आत द्यायच्या. यासाठी वकील लागत नाही, प्रेसचं कार्ड लागत नाही. पोच मात्र घ्यायची.

ती सीडी, इको, ईसीजी आणि सर्जनची चिठ्ठी घेऊन दुसऱ्या शहरातल्या एका हृदयरोगतज्ज्ञ मॅडमकडे गेलो. फी ८०० रुपये. त्यांनी सीडी लावायच्या आधी आण्णांना बोलतं केलं. जिना चढता का? दोन मजले न थांबता? छातीत दाबल्यासारखं होतं का? रात्री दम लागून उठून बसावं लागतं का? पाय सुजतात का? आण्णा म्हणाले, "बाई, रोज शेतात दीड किलोमीटर चालत जातो. विहिरीच्या पायऱ्या उतरून मोटर चालू करतो, परत चढतो. दम नाही लागत, गुडघा दुखतो."

मग मॅडमनी एका कोऱ्या कागदावर हृदय काढलं आणि एक गोष्ट सांगितली. मला ती या सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटते. त्या म्हणाल्या, "इथं दोन वेगळे प्रश्न आहेत. एक, आण्णांच्या हृदयाला काय आजार आहे? दोन, हे हृदय हर्नियाचं ऑपरेशन सोसेल का? तुम्हाला दुसऱ्याचं उत्तर हवं होतं. तपासण्या करता करता सगळे पहिल्याकडं गेले आणि दुसरा कुणी विचारलाच नाही."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की हो, आजार आहे. उजव्या नळीत अडथळा आहे, त्याच नळीच्या पुरवठ्याची भिंत मंद आहे, दोन्ही गोष्टी एकमेकींशी जुळतात. त्यासाठी कोलेस्टेरॉलची गोळी, बाकी औषधं, शुगरवर कडक लक्ष आणि तंबाखू आजपासून बंद. मुख्य डावी नळी मोकळी आहे, ही मोठी जमेची बाजू. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही हो. ऑपरेशन तुलनेनं छोटं आहे, पेशंटची चालण्या-चढण्याची ताकद चांगली आहे, छातीत दुखणं नाही, झडपा ठीक आहेत. भूलतज्ज्ञांना सगळा रिपोर्ट दाखवून, काळजी घेऊन करता येईल. ऑपरेशनआधी स्टेंट टाकल्यानं ऑपरेशन जास्त सुरक्षित होईल असं त्यांना आण्णांच्या बाबतीत वाटत नव्हतं.

पंचवीस मिनिटं लागली. आण्णांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

मी बातमीदार. घरी आल्यावर शोधाशोध केली. वाचलं ते असं. २००४ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पोटातल्या किंवा पायातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांचं ऑपरेशन होणारे ५१० रुग्ण. हृदयाच्या नळ्यांत अडथळे, पण प्रकृती स्थिर. निम्म्यांना आधी स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना नुसती औषधं, आणि मग ठरलेलं ऑपरेशन. पुढच्या काही वर्षांत जगण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. मग २०२० साली 'इस्केमिया' नावाचा मोठा अभ्यास आला. ३७ देश, त्यात भारतही, आणि ५१७९ रुग्ण. स्थिर रुग्णांना सरसकट आधी अँजिओग्राफी करून स्टेंट-बायपास केलं काय किंवा आधी औषधांवर ठेवलं काय, मृत्यू आणि झटका यांचं प्रमाण एकूण कमी झालं नाही. ज्यांच्या छातीत दुखायचं त्यांना मात्र स्टेंट-बायपासनं जास्त आराम पडला.

याचा अर्थ स्टेंट म्हणजे लूट, बायपास म्हणजे फसवणूक, असा काढू नका. हात जोडून सांगतो. त्या अभ्यासात मुख्य डाव्या नळीत मोठा अडथळा असलेले रुग्ण घेतलेच नव्हते, पंपिंग खूप कमी झालेले नव्हते, नुकताच झटका आलेले नव्हते. झटका येत असताना नळी उघडणं हे जीव वाचवणारं काम आहे आणि तिथं एकेक मिनिट मोलाचं असतं. छातीत दाब, घाम, डाव्या हाताला-जबड्याला कळ, दम, असं झालं तर दुसरं मत, तिसरं मत करत बसायचं नाही. गाडी काढायची आणि निघायचं.

हे एवढं जोर देऊन लिहितोय त्यालाही कारण आहे. आमच्याच गावात एक ओळखीचे होते. बाजारपेठेत दुकान, वय साठीच्या आत. चालताना छातीत दुखायचं म्हणून तपासणी झाली. मुख्य डावी नळी आणि बाकीच्या दोन नळ्या, सगळीकडं अडथळे. शुगरही होती. डॉक्टरांनी बायपास सांगितली. अशा रुग्णाला बायपासच का, याची कारणं पक्की आहेत. पण त्यांनाही कुणी बसवून समजावून सांगितलं नाही. त्यांना कळलं एवढंच की "छाती फाडणार." मोबाईलवर व्हिडिओ आले, कुणी काढा सांगितला, कुणी म्हणालं ही सगळी कमाईची लाईन आहे. पाच महिने काढा घेतला. दिवाळीच्या आधी दुकान उघडताना शटरपाशीच गेले.

आण्णांच्या घरी न कळल्यामुळं सही होणार होती. त्यांच्या घरी न कळल्यामुळंच सही झाली नाही. दोन्हीकडं कागद होता, वाचून दाखवणारा माणूस नव्हता. रिपोर्ट न कळणं हे एका बाजूला गरज नसलेली सुई टोचतं आणि दुसऱ्या बाजूला गरज असलेली टाळायला लावतं.

डॉक्टरांची बाजूही मांडायला हवी. गुरुवारी येणारे डॉक्टर ऐंशी पेशंट बघतात कारण उरलेले सहा दिवस आमच्या तालुक्याला हृदयरोगतज्ज्ञच नाही. काही झालं तर दवाखान्याच्या काचा फुटतात, म्हणून प्रत्येक जण स्वतःच्या बचावासाठी आणखी एक तपासणी लिहितो. सर्जन म्हणतो हार्टवाल्यानं लिहून द्यावं, हार्टवाला म्हणतो अँजिओग्राफी झाल्याशिवाय कसं लिहू. मधे पेशंट. मोतीबिंदूसारख्या ऑपरेशनसाठी तर, २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, एकोणीस हजारांवर ऑपरेशनं बघून असं दिसलं होतं की सगळ्यांच्या सरसकट ईसीजी-रक्त तपासण्या केल्यानं ऑपरेशन जास्त सुरक्षित होत नाही. तपासणी माणूस बघून करायची असते. पण माणूस बघायला वेळ लागतो आणि तपासणी लिहायला अर्धा मिनिट.

कायदा काय म्हणतो? २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली खटल्यात निकाल दिला. उपचाराचं स्वरूप, पर्याय, धोके हे पुरेसं सांगून घेतलेली संमती तीच खरी संमती. शिवाय, फक्त तपासणीला दिलेली संमती ही उपचाराला दिलेली संमती धरता येत नाही. दोन्हींची संमती आधीच एकत्र घेता येते, पण मग ती तसं नीट सांगून घ्यायला हवी. टेबलवर पडलेल्या माणसाच्या नातेवाइकांना काचेमागं उभं करून दहा मिनिटं देणं याला नीट सांगणं म्हणता येईल का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. त्यात माहितीचा, नोंदींचा, दुसरं मत घेण्याचा हक्क आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांनी ही हक्कांची सनद आणि दरपत्रक दवाखान्यात लावायला सांगितलं आहे. आपापल्या गावातल्या किती दवाखान्यांत ती सनद दिसते, जाऊन बघा. मी बघितलं. एका ठिकाणी ती कॅलेंडरच्या मागं होती.

पैशाच्या बाजूनं सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आली. लाखाच्या पुढं विकला जाणारा औषधी लेपाचा स्टेंट २९,६०० रुपयांवर आला. २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी नावानं सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावानं चालणारी योजना आता पाच लाखांपर्यंत संरक्षण देते. या योजनेनं आमच्या भागातल्या किती घरांची शेतं वाचवली, ते मी बातमीदार म्हणून पाहिलंय. पण फुकट आहे हे उपचार करून घ्यायचं कारण होऊ शकत नाही. "पैसे लागणार नाहीत" हे वाक्य ऐकलं की आपल्याकडं पुढचे प्रश्न बंद होतात. आण्णांच्या त्या दिवसाच्या कागदांत कापसापासून डायपर्यंत सगळं लिहिलेलं होतं. समजावून सांगण्याची ओळ कुठंच नव्हती. ज्या कामाची कुठं नोंदच नाही, ते काम कोण करणार?

म्हणून माझी मागणी साधी आहे. ठरवून करायच्या कुठल्याही ऑपरेशनआधी हृदयाची तपासणी झाली, तर रुग्णाला मराठीत एक पान मिळालं पाहिजे. काय सापडलं, ते ठरलेल्या ऑपरेशनसाठी महत्त्वाचं आहे का, पर्याय काय, थांबलो तर काय, आणि हे समजावून सांगणाऱ्याचं नाव आणि सही. योजनेतल्या दवाखान्यांत आरोग्यमित्र बसतात, ते रेशनकार्ड तपासतात. त्यांच्या शेजारी रिपोर्ट समजावून सांगणारा एक प्रशिक्षित माणूस बसवायला किती खर्च येईल? स्टेंटपेक्षा नक्कीच कमी. आमच्या तालुक्याच्या आमदारांना आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना हे लेखी दिलंय. उत्तर आलं की इथंच टाकेन.

तोवर आपल्या हातात प्रश्न आहेत. डिप्लोमाच्या पहिल्याच आठवड्यात आम्हाला बातमीचे सहा ककार शिकवले होते. तेच दवाखान्यात न्यायचे, कागदावर लिहून.

का? ही तपासणी कशासाठी? निकाल चांगला आला तर काय करणार, वाईट आला तर काय करणार? दोन्हीचं उत्तर एकच असेल तर तपासणीची गरज काय?

काय? नेमकं काय सापडलं? नवीन आहे की जुनं? पूर्वीचा ईसीजी किंवा इको असेल तर शेजारी ठेवून बघितला का? (जुने रिपोर्ट फेकू नका, रद्दीत देऊ नका.) ईसीजीच्या वर मशिननं छापलेलं 'ॲबनॉर्मल' हे मशिनचं मत असतं, ते डॉक्टरांनी तपासलं का?

कुठं? अडथळा कुठल्या नळीत, सुरुवातीला की टोकाला? मुख्य डाव्या नळीत आहे का? नुसत्या टक्क्यांवर थांबू नका. ते बहुतेक वेळा पडद्यावर बघून केलेला अंदाज असतात, आणि नळीत दाब मोजून अडथळा खरंच त्रासदायक आहे का हे बघायची पद्धतही आहे.

कधी? आज की महिन्याभरात? थांबलो तर धोका कशाचा? आणि आधी हृदयाचं केलं तर ठरलेलं ऑपरेशन कधी होणार?

कोण? सर्जन, भूलतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ एकमेकांशी फोनवर तरी बोललेत का? निर्णय पेशंटनं घेतला का? शुद्धीत असलेल्या, समजत असलेल्या माणसाचा निर्णय त्याचाच. पोरांनी बापाच्या वतीनं घाबरून घ्यायचा नाही.

कसं? दुसरा मार्ग कसा असेल? औषधं, वेगळी भूल, छोटं ऑपरेशन? रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या कधी बंद, कधी चालू? स्टेंट असलेल्यांनी दात काढायला जातानासुद्धा त्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नयेत, हे तर घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे.

आण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन सप्टेंबरमध्ये आमच्याच गावात झालं. भूलतज्ज्ञांनी रिपोर्ट आधी मागवून घेतले होते, मॅडमशी फोनवर बोलले होते. तिसऱ्या दिवशी घरी. हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, दर तीन महिन्यांनी दाखवायचं आहे, आणि त्रास सुरू झाला तर स्टेंटचा विचार पुन्हा होईल. तो दरवाजा बंद झालेला नाही, हे त्यांना माहीत आहे. तंबाखू सुटली, असं ते सांगतात; काकू अजून खिसे तपासतात.

तुमच्या घरात एखादा रिपोर्ट कपाटात पडला असेल आणि त्याचा अर्थ कुणालाच माहीत नसेल, तर या आठवड्यात तो घेऊन डॉक्टरांकडं जा. सहा प्रश्न लिहून न्या. ज्याचा रिपोर्ट आहे त्यालाच विचारू द्या.